पंपाचा धातू ठरवण्याआधी: बडोद्यात कारखान्याचं पाणी नव्याने सांभाळणाऱ्यांसाठी

"एसएस छे साहेब, काट नहीं लागे."

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पंपाची चौकशी करायला गेलात की पहिल्या दहा मिनिटांत हे वाक्य कानावर पडतं. एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील, काट म्हणजे गंज. मीही ऐकलं आणि मान डोलावली. अकरा महिन्यांनी आमच्या स्टँडबाय (राखीव) पंपाच्या केसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, खालच्या बाजूने घाम फुटल्यासारखं पाणी यायला लागलं. पुसलं की पुन्हा थेंब. उघडून आतून टॉर्च मारली तर सगळं चकचकीत आणि तळाशी सुई टोचल्यासारखी सात-आठ भोकं. विक्रेता खोटं बोलला नव्हता, धातू ३०४, म्हणजे स्टेनलेसचा नेहमीचा प्रकार, तोच होता. चूक माझी होती, कारण मी त्याला पंपाबद्दल वीस प्रश्न विचारले आणि पाण्याबद्दल एकही सांगितलं नाही.

तुम्ही नुकतेच मेंटेनन्स, युटिलिटी किंवा परचेसला लागला असाल आणि पहिल्यांदाच पंपाचं मटेरियल ठरवायचं काम अंगावर आलं असेल, तर मी ज्या क्रमाने ते करायला शिकलो तो क्रम असा.

हाताशी काय हवं

- पाण्याचे लॅब रिपोर्ट: एक उन्हाळ्यातला, एक पावसाळ्यानंतरचा
- प्लँटच्या पाण्याचा आराखडा (बोअर, टाकी, सॉफ्टनर, आरओ, कूलिंग टॉवर, सांडपाणी शुद्ध करणारा ईटीपी यांत पाणी कुठून कुठे जातं तो कागद, नसेल तर हाताने काढा)
- जुन्या पंपाची डेटाशीट आणि दुरुस्तीचं रजिस्टर
- भंगारात निघालेला जुना इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं फिरतं चाक, किंवा शाफ्टवरची नळी, म्हणजे स्लीव्ह (फेकू देऊ नका, स्टोअरवाल्याला आधीच सांगून ठेवा)
- खिशातला पीएच आणि कंडक्टिव्हिटी मीटर, क्लोरीन तपासायचं साधं किट, चांगली टॉर्च

१. आधी पाण्याची पत्रिका काढा

सॅम्पल पंपाच्या सक्शनजवळून, म्हणजे पाणी आत ओढणाऱ्या बाजूने, घ्यायचं, तेही दहा मिनिटं पाणी वाहू दिल्यावर. ऑफिसच्या नळाखाली बाटली धरून पाठवणारे लोक मी पाहिलेत. लॅबला नुसतं "वॉटर टेस्ट" लिहून दिलंत तर पिण्याच्या पाण्याचा रिपोर्ट हातात येईल. तुम्हाला हवं ते नाव घेऊन मागा: पीएच, क्लोराइड, सल्फेट, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), हार्डनेस, अल्कलिनिटी, लोह, अमोनिया, सल्फाइड, तेल आणि तरंगणारी माती-वाळू. तापमान, पीएच आणि मोकळा क्लोरीन मात्र जागेवरच मोजा. बाटली लॅबपर्यंत पोचेस्तोवर क्लोरीन बराचसा उडून गेलेला असतो.

यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा क्लोराइडचा, आणि नवखा माणूस फसतो तो नेमका तिथेच. हातातलं टीडीएस मीटर क्लोराइड सांगत नाही. १२०० टीडीएसच्या दोन बोअरमध्ये एकीत क्लोराइड २०० असू शकतं आणि दुसरीत ५००. मीटरला दोन्ही सारख्याच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे माणसाने नाइलाजाने प्यायला चालणारं पाणी ३०४ स्टेनलेसला पचेलच असं नाही.

आमच्या आजीचं पाण्याचं शास्त्र सोपं होतं. दांडिया बाजारातल्या घरी आजव्याच्या तलावाच्या पाण्यात तूरडाळ मऊ शिजते म्हणून ते पाणी चांगलं, बोअरच्या पाण्यात शिजत नाही म्हणून ते वाईट. डाळीपुरतं ते अगदी खरं, कारण डाळ शिजणं हार्डनेसवर अवलंबून असतं. पण कारखान्यातही लोक हाच नियम लावतात: सॉफ्टनर बसवलाय ना, मग पाणी चांगलं झालं. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम घालतो. क्लोराइडला तो हातही लावत नाही.

शहराच्या पश्चिमेला पादरा-जंबुसरच्या दिशेने जावं तसं बोअरचं पाणी खारट होत जातं. त्यामुळे "आमच्या दुसऱ्या प्लँटला हाच पंप सहा वर्षं चाललाय" या वाक्यावर विसंबू नका. तो प्लँट कुठे आहे ते आधी विचारा.

२. एकाच पाण्याची पाच पाणी होतात

हे मला कोणी सांगितलं असतं तर माझे दोन पंप वाचले असते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

बोअरमध्ये क्लोराइड २५० आहे असं धरा. हेच पाणी कूलिंग टॉवरमध्ये गेलं की वाफ उडते आणि क्षार मागे राहतात. टॉवर चार सायकलवर, म्हणजे क्षार मूळच्या चौपट होईपर्यंत, चालवत असाल तर फिरत्या पाण्यात क्लोराइड हजाराच्या घरात जातं. वर शेवाळ येऊ नये म्हणून हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) ओतलेलं असतं, आणि कंडेन्सरवरून परतणारं पाणी गरम असतं. क्लोराइड, क्लोरीन आणि उष्णता, तिघंही स्टेनलेसच्या विरोधात एकाच वेळी उभी. आमचा ३०४ चा पंप मी बोअरचा रिपोर्ट समोर ठेवून घेतला होता आणि बसवला टॉवरच्या लाइनवर.

आरओचं गणितही तसंच. ७५ टक्के रिकव्हरीवर, म्हणजे शंभरातलं ७५ पाणी शुद्ध होऊन निघालं तर, रिजेक्टमध्ये (मागे उरलेल्या पाण्यात) क्षार साधारण चौपट होतात. हे सगळ्यांना कळतं, म्हणून रिजेक्टचा पंप लोक विचार करून घेतात. फसतात ते उलट बाजूला. परमिएट म्हणजे शुद्ध पाणी, त्याला काय, बिडाचा पंपही चालेल, असं वाटतं. पण कार्बन डायऑक्साइड मेंब्रेनमधून आरपार जातो, त्यामुळे परमिएटचा पीएच खाली येतो, आणि बिडावर चुनखडीचा पातळ संरक्षक थर बसवायला त्यात कॅल्शियमही उरलेलं नसतं. आठवड्याभरात पाणी तांबडं दिसायला लागतं. परमिएटला आणि डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याला ३०४ च घ्या. क्लोराइड जवळजवळ नसल्यामुळे तिथे तो आयुष्यभर सुखात नांदतो, त्याहून महागड्या ३१६ वर पैसे घालायची गरज नाही.

सॉफ्टनरच्या रिजनरेशनचं, म्हणजे तो पुन्हा ताजा करायला वापरलेलं, मीठपाणी वेगळंच प्रकरण. दहा टक्के मिठाच्या पाण्यात क्लोराइड ६०,००० पीपीएमच्या (साधारण लिटरमागे मिलिग्रॅमच्या) आसपास असतं. समुद्राच्या पाण्यात ते १९,००० असतं, म्हणजे तिप्पट. तिथे प्लास्टिकचा पंप लावा आणि विसरून जा.

राहिलं ईटीपी. प्रक्रियेने सांडपाण्यातला सेंद्रिय भार कमी होतो, विरघळलेलं मीठ तसंच राहतं. उलट न्यूट्रलायझेशनला, म्हणजे पीएच उदासीन करायला, ओतलेल्या आम्लाने ते वाढतं. नंदेसरीसारख्या रासायनिक वसाहतीत प्रक्रिया करून काढलेलं पाणी, म्हणजे १९८३ पासून खंभातच्या आखाताकडे वाहणाऱ्या त्या सांडपाण्याच्या कालव्यात जाणारं पाणी, दिसायला स्वच्छ असलं तरी धातूच्या दृष्टीने खारंच. ईटीपीच्या प्रत्येक टाकीचा पंप वेगळा समजा. सगळं सांडपाणी एकत्र करणाऱ्या इक्वलायझेशन टाकीत तर पाणी शिफ्टगणिक बदलतं. तिथे सरासरी आकडा बघू नका, रजिस्टरमधला सगळ्यात वाईट दिवस शोधा.

३. बिडापासून सुरुवात करा आणि गरज पडेल तेवढंच वर चढा

बीड, म्हणजे कास्ट आयर्न, हिणकस नाही. पीएच साडेसहा ते नऊच्या दरम्यान, क्लोराइड माफक, वाळू कमी असेल तर एफजी २६० दर्जाच्या बिडाची केसिंग आणि ब्राँझचा इम्पेलर ही जोडी वर्षानुवर्षं चालते. फायर पंपात, साध्या बोअरच्या पाण्यात उगाच स्टेनलेस मागू नका. बिडाची एक खोड मात्र लक्षात ठेवा. खारट किंवा आम्लयुक्त पाण्यात त्यातलं लोखंड विरघळून जातं आणि ग्रॅफाइटचा सांगाडा तसाच उभा राहतो. बाहेरून आकार जसाच्या तसा, मापही बरोबर, आणि खिशातल्या चाकूने खरवडलं तर पेन्सिलीच्या शिशासारखं निघतं. जुना बिडाचा पंप तपासताना हातोडीने हलकेच वाजवून बघा. चांगल्या बिडाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा बद्द.

स्टेनलेसचं झिजणं याच्या बरोबर उलट. तो सगळीकडून झिजत नाही. त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा असतो, तो हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनवर आपोआप भरून निघतो. क्लोराइड तो पापुद्रा एखाद्या बिंदूवर फोडतो. खड्डा पडला की आतलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा आम्लधर्मी होतं आणि भोक आत आत जात राहतं. गाळ बसलेला, पाणी थांबलेलं, गॅस्केटखालची चीर, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे हे आधी होतं. म्हणून चालू पंप टिकतो आणि शेजारचा स्टँडबाय भोकं पडून बसतो. आमचं नेमकं तेच झालं.

अंगठ्याचे नियम असे, थंड आणि साधारण उदासीन पाण्यासाठी:

क्लोराइड २०० पीपीएमपर्यंत ३०४, ओतकामात त्याचं नाव सीएफ८. साधारण १००० पर्यंत ३१६, ओतकामात सीएफ८एम, ज्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि तेच खड्ड्यांना आवर घालतं. पाणी गरम असेल, थांबून राहणार असेल किंवा पीएच खाली असेल तर हे आकडे निम्म्यावर आणून धरा. मोकळा क्लोरीन सतत राहणार असेल तर ३०४ ला २ पीपीएम आणि ३१६ ला ५ पीपीएमच्या वर नेऊ नका. ६० अंशांच्या वर क्लोराइड असेल तर या दोन्ही धातूंना ताणाखाली तडे जाण्याची भीती असते, आणि तो तडा खड्ड्यासारखा आधी सूचना देत नाही.

हजाराच्या वर डुप्लेक्स, म्हणजे दोन प्रकारच्या कणरचनेचं स्टेनलेस. पंपाच्या ओतकामात सीडी४एमसीयू हे नाव जास्त ऐकाल. धातूंची तुलना करायला एक सोपं सूत्र आहे: क्रोमियमचे टक्के, अधिक मॉलिब्डेनमच्या टक्क्यांची ३.३ पट, अधिक नायट्रोजनच्या टक्क्यांची १६ पट. उत्तर जितकं मोठं तितका धातू खड्ड्यांना जास्त दाद देत नाही. ३१६ चं उत्तर २४-२५ येतं, २२०५ डुप्लेक्सचं ३५ च्या आसपास आणि सुपर डुप्लेक्सचं ४० च्या वर. समुद्राच्या पाण्यावर सतत चालणाऱ्या पंपाला ४० च्या वरचाच धातू मागतात. डुप्लेक्स कठीणही असतो, त्यामुळे पाण्यात वाळू असेल तर दुहेरी फायदा. किंमत ऐकून साहेब डोळे वटारतील. त्यांना दोन वर्षांतल्या दुरुस्त्यांचं रजिस्टर दाखवा, कॅटलॉग दाखवू नका.

ब्राँझ चांगलं, पण अमोनिया आणि सल्फाइडशी त्याचं वैर आहे. खताच्या किंवा सांडपाण्याच्या लाइनवर ते घेऊ नका. पितळ तर नकोच. पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि तांब्याचा भुसभुशीत लगदा उरतो. हायपो आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या डोसिंग पंपाला स्टेनलेसचा विचारसुद्धा करू नका. ३१६ ला हायड्रोक्लोरिक आम्ल विरघळवून टाकतं. तिथे पॉलिप्रोपिलीन किंवा पीव्हीडीएफ. फक्त पॉलिप्रोपिलीनला ७० अंशांच्या वर नेऊ नका आणि पीव्हीडीएफला तीव्र कॉस्टिक दाखवू नका.

४. पंप एका धातूचा नसतो

कोटेशनमध्ये "एमओसी: एसएस ३१६" एवढीच ओळ असते (एमओसी म्हणजे पंप कशाचा बनवला आहे ते). ती केसिंगची असते की इम्पेलरची, विचारल्याशिवाय कळत नाही. केसिंग, इम्पेलर, वेअर रिंग (इम्पेलरभोवतीचं झीज घेणारं कडं), शाफ्ट, स्लीव्ह, इम्पेलर नट, ग्लँड (शाफ्टभोवती दोरी भरून गळती रोखणारा भाग), सील, ओ-रिंग आणि पाण्याला लागणारे बोल्ट, प्रत्येकासमोर धातू लिहून मागा. एका पंपात मला सगळं ३१६ मिळालं होतं आणि इम्पेलर नट साध्या पोलादाचा. दोन वेगळे धातू एका पाण्यात असले की दुबळा झिजतो, आणि दुबळा आकाराने जितका छोटा तितका झपाट्याने झिजतो. मोठ्या बिडाच्या केसिंगमध्ये छोटा स्टेनलेस इम्पेलर चालून जातो. मोठ्या स्टेनलेसच्या पोटात छोटा पोलादी नट चालत नाही. याच कारणाने बिडाची केसिंग आतून इपॉक्सीने रंगवून आत स्टेनलेस इम्पेलर बसवणं घातक ठरतं. रंगाला जिथे ओरखडा पडेल तिथे सगळी झीज एकवटते. रंगवायचंच असेल तर वरचढ धातू रंगवा.

वेअर रिंग आणि इम्पेलर दोन्ही ३१६ चे, सारख्याच कठीणपणाचे असतील तर घासताना एकमेकांना चिकटतात आणि पंप जाम होतो. दोघांत किमान ५० ब्रिनेलचा (हे कठीणपणाचं माप) फरक मागा.

ग्लँडची ग्रॅफाइट दोरी हा छुपा शत्रू. ग्रॅफाइट स्टेनलेसपेक्षा वरचढ असतं. खारट पाण्यात पंप बंद पडून राहिला की दोरीखालच्या स्लीव्हवर खड्ड्यांची माळ उमटते. मेकॅनिकल सील असेल तर स्प्रिंगकडे लक्ष द्या. तिची तार इतकी बारीक असते की एक छोटा खड्डाही तोडायला पुरतो, म्हणून खारट पाण्यात हॅस्टेलॉय सी ची स्प्रिंग मागतात. रबराचं थोडक्यात: तेलाचा अंश असेल तर ईपीडीएम फुगतं, नायट्राइल चालतं; हायपोला नायट्राइल चालत नाही, ईपीडीएम किंवा व्हायटन घ्या.

५. हा गंज आहे की कॅव्हिटेशन?

इम्पेलरच्या पात्यांवर, विशेषतः पाणी आत शिरतं त्या बाजूला, स्पंजासारखा खडबडीत भाग दिसला आणि पंप चालताना खडी फिरल्यासारखा आवाज येत असेल, तर तो बहुतेक कॅव्हिटेशनचा, म्हणजे कमी दाबाने पाण्यात झालेले बुडबुडे फुटून बसणारा, मार आहे. धातू बदलून आजार बरा होत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. सक्शन लाइन, फूट व्हॉल्व्ह, गाळणी आणि टाकीची पातळी आधी बघा.

६. ऑर्डरमध्ये काय लिहायचं

"एसएस पंप" असं कधीही लिहू नका. "केसिंग व इम्पेलर सीएफ८एम, एएसटीएम ए७४३ प्रमाणे, सोल्यूशन ॲनील केलेले" असं पूर्ण लिहा. ओतकाम साधारण १०४० अंशांवर तापवून झटकन थंड केलं नाही तर धातूच्या कणांच्या कडांवर क्रोमियम कार्बाइड साचतं, आणि रासायनिक घटक बरोबर असूनही तो ३१६ सारखा वागत नाही. छोट्या फौंड्रीत वाचवला जाणारा खर्च बहुतेकदा हाच असतो. ओतकामातली भोकं वेल्डिंगने भरली असतील तर ती हीट ट्रीटमेंटच्या आधी भरलेली असावीत, हेही ऑर्डरमध्ये घाला.

पंपासोबत ईएन १०२०४ मानकातलं ३.१ प्रकारचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (ओतकामाच्या घाण्याचा नंबर) केसिंगवर उठवलेल्या नंबराशी स्वतः जुळवा. सर्टिफिकेटवर एक आणि केसिंगवर दुसराच नंबर असलेले पंप मी परत पाठवलेत.

लोहचुंबक खिशात घालून फिरणारे काका प्रत्येक कारखान्यात एक तरी असतात. "चिकटला, म्हणजे एसएस नाही," असा त्यांचा निकाल. पत्र्याच्या बाबतीत हे काही अंशी चालतं. ओतलेल्या सीएफ८एम मध्ये मुद्दाम थोडं फेराइट ठेवतात, त्यामुळे चुंबक त्याला हलकेच ओढतो. डुप्लेक्सला तर चांगलाच चिकटतो. उलट स्वस्तातला २०० मालिकेचा धातू चुंबकाला दाद देत नाही आणि ३०४ म्हणून खपून जातो. खात्री हवी असेल तर मॉलिब्डेनमच्या थेंबाची चाचणी करा, ३०४ आणि ३१६ तिथल्या तिथे वेगळे पडतात. किंवा धातूतले घटक दाखवणाऱ्या एक्स-रे गनवाल्याला तासाभरासाठी बोलवा. गन कार्बन दाखवत नाही, म्हणून ३१६ आणि ३१६एल मधला फरक तिला विचारू नका. वाद फारच पेटला तर तुकडा कापून मेटलर्जीच्या लॅबमध्ये द्या.

७. पंप आल्यावरचे पहिले तीन महिने

हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) कुठल्या पाण्याने केली ते विचारा आणि केसिंगचा ड्रेन प्लग उघडून बघा. टेस्टचं पाणी पोटात तसंच ठेवून महिनाभर गोदामात पडलेला स्टेनलेस पंप नवा असतानाच खड्डे घेऊन येतो. फिटरला पोलादी तारेचा ब्रश वापरू देऊ नका. त्याचे लोखंडी कण अंगात रुततात, तिथे गंजाचे डाग उठतात, आणि मग "एसएस गंजला" अशी तक्रार तुमच्या टेबलावर येते.

स्टँडबाय पंप आठवड्याला एकदा तरी फिरवा, आणि पंधरा दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर रिकामा करून गोड्या पाण्याने धुऊन ठेवा. ड्रेन प्लगवर रंग चढवून तो कायमचा बंद करणारे महाभाग असतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

तीन महिन्यांनी, पंप उत्तम चालत असला तरी, एकदा उघडा. प्रॉडक्शनवाले कुरकुरतील, रविवार मागून घ्या. केसिंगचा तळ, गॅस्केटची कड, स्लीव्ह आणि इम्पेलरच्या मागची बाजू टॉर्चने बघा, मोबाइलवर फोटो काढा आणि फोटोवर तारीख व त्या दिवशीचं क्लोराइड लिहून ठेवा. आमच्या त्या टॉवरच्या लाइनवर आता सीडी४एमसीयू चा पंप आहे. त्याचे पहिल्या उघडणीचे फोटो आणि पाचव्या वर्षीचे फोटो मी एकाच पाकिटात ठेवलेत. "एसएस छे साहेब" म्हणणाऱ्या त्याच भाईंनी परवा ते मागून नेले, दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायला.